दहावा माणूस

मी आज जो काही आहे तो बार्शीच्या शाळेतल्या माझ्या मास्तरांमुळे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे जे येणार आहे त्यात हेवाच फार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायचं की या माणसाला उपकाराची जाण नाही.

मास्तर बेने इस्राएल होते, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, घरात मराठी बोलणारे यहुदी. त्यांचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले. तिथं त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. हे मास्तरांनीच आम्हांला वर्गात सांगितलं होतं. शनिवारी शाळा अर्धा दिवस असे. मास्तर येत, पण त्या दिवशी खडू हातात धरत नसत. फळा कोरा. सगळा धडा तोंडी. आम्ही पोरांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं की मास्तरांना साडेसाती लागली आहे. शेवटी एकानं विचारलंच, "मास्तर, मग तुम्ही मारुतीला तेल का घालत नाही?"

मास्तर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाले, "अरे, देवानं सहा दिवस जग घडवलं आणि सातव्या दिवशी हात थांबवले. आमचे वाडवडील मिसर देशात गुलाम होते. गुलामाला सुट्टी असते का? त्यातून देवानं सोडवलं, डोंगरावर मोशेच्या हाती नियम दिले, त्या नियमांत ही सुट्टी दिली. ती मी फुकट घालवू?"

त्या दिवसापासून मला शनिवारचा हेवा वाटू लागला. म्हणजे शनिवारचा नव्हे, ज्यांना देवानं स्वतः सुट्टी दिली त्यांचा. आम्ही वैरागचे धनगर. मेंढरांना सुट्टी ठाऊक नसते.

हेवा मला नवा नव्हता. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी पुस्तकं होती, वडील सही करणारे होते. माझे वडील मेंढरं राखत आणि पावसाळ्यात घोंगड्या विणत. बार्शीत एका नातलगाकडे राहून शिकत होतो ती मराठी शाळा संपल्यावर त्यांनी मला परत बोलावलं. तेव्हा मास्तर बाजाराच्या दिवशी बैलगाडीनं वैरागला आले. वडील लोकरीचं गाठोडं घेऊन बसले होते. मास्तर त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसले.

वडील म्हणाले, "मास्तर, पोरगं शिकून साहेब व्हईल, व्हय. पर मेंढरं कोन राखनार?"

मास्तर म्हणाले, "आमच्यात सगळे थोर लोक मेंढपाळच होते. अब्राहाम मेंढपाळ. मोशे सासऱ्याची मेंढरं राखायचा. दाविद तर मेंढरांमागून उठून राजा झाला."

वडिलांनी जरा विचार केला. "आनि मग मागनं त्येंची मेंढरं कुनी राखली?"

मास्तरांनी हसून कान पकडले. वडिलांना तेच आवडलं असावं. बराच वेळ ते लोकर चाचपत राहिले आणि मग म्हणाले, "न्या. पर येक आईका. पोरगं बिरोबाचं हाय. नवसाचं हाय. तुमच्या देवाच्यात न्हाय न्यायचं त्येला. द्येता का सबुद?"

मास्तरांनी उजवा हात पुढे केला. "दिला." वडिलांनी त्या हातावर भंडारा ठेवला. मास्तरांनी मूठ मिटली आणि बार्शीपर्यंत ती उघडली नाही. गाडीत मी शेजारीच होतो. मला तेव्हा फक्त एवढंच वाटत होतं की मला नेत आहेत.

बार्शीत मी मास्तरांच्या पडवीत राहिलो. त्यांच्या पत्नीला आम्ही बाई म्हणत असू. बाईंनी मला जेवू घातलं, तापात माझं डोकं दाबलं, थंडीत कानटोपी विणून दिली. त्यांच्या घरात दूध एका जेवणाला आणि मटण दुसऱ्या जेवणाला, दोन्ही एकत्र कधीच नाही. धनगराच्या पोराला हे अवघड गेलं. पण मी ते पाळलं, आणि पाळताना मला आपण घरचे झालो असं वाटे. मग पुण्याला कॉलेज, बी. ए., आणि सोलापूरच्या एका हायस्कुलात इतिहासाच्या शिक्षकाची नोकरी. मास्तर तोपर्यंत निवृत्त होऊन सोलापुरातच शुक्रवार पेठेत राहायला आले होते. त्यांच्या घराच्या चौकटीला उजव्या हाताला एक लहान नळी ठोकलेली होती, आत चामड्यावर लिहिलेलं देवाचं वचन. मास्तर आत-बाहेर करताना तिला बोटं लावत आणि ती बोटं ओठांना लावत. मीही आत शिरताना नळीकडे बघत असे. बोटं उचलली जात, पण मी ती टोपी सारखी करण्याकडे वळवीत असे.

मी सोलापुरात आलो त्याच वर्षी बाई गेल्या.

त्यानंतर शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी मास्तरांकडे जाऊ लागलो. शनिवारी त्यांच्या घरात विस्तव पेटत नसे. परक्यालाही ते "पेटव" असं सांगत नसत, कारण सांगणं म्हणजे काम करवून घेणं. ते फक्त म्हणत, "आज हवा जरा गार आहे." मग मी स्टोव्हला काकडा लावी, पंप मारी, चहा करी. वैशाखातही मास्तरांची हवा गारच असे. ते काम माझं होतं. त्या घराला सबंध आठवड्यात ज्याची गरज पडावी असं एकच काम, आणि ते माझ्या हातांत. मला त्याचा अभिमान होता.

मग तिथं आणखी दोघं येऊ लागले. एक आमच्या शाळेतले फारसीचे शिक्षक. सोलापूरच्याच व्यापारी घरातले, माझ्याच वयाचे, बोलण्यात निम्मी दखनी. दुसरे ड्रॉइंग मास्तर, ख्रिस्ती. मोठ्या दुष्काळात आई-बाप गेले तेव्हा त्यांना कुणीतरी मिशनच्या आवारात आणून सोडलं होतं. तिथंच वाढले, तिथंच चित्रं काढायला शिकले. दोघांनाही मीच मास्तरांकडे पहिल्यांदा नेलं, कारण त्या वर्षी इतिहासाच्या पुस्तकात यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांचा धडा होता आणि मला तो नीट शिकवायचा होता. मास्तर म्हणाले होते, "पुस्तकातून शिकवू नकोस. घरच्या माणसांना विचार." मी घरच्या माणसांना घेऊन आलो, आणि स्वतः बाहेरचा होऊन बसलो.

पहिल्याच शनिवारी त्यांचं भांडण झालं. बकरी ईद जवळ आली होती. फारसी मास्तर म्हणाले, "इब्राहीमनं, म्हणजे तुमच्या अब्राहामानं, मुलगा कुर्बानीला नेला, खुदानं त्याच्या जागी मेंढा पाठवला. तो मुलगा इस्माईल."

मास्तर म्हणाले, "इसहाक."

"क्या बात करते मास्तर! तुमच्या किताबीत 'एकुलता एक' म्हटलंय का नाही?"

"म्हटलंय."

"मग इसहाक एकुलता कधी होता? थोरला इस्माईल घरात होता की!"

"थोरला होता, पण दासीचा. वचन लग्नाच्या बायकोच्या, सारेच्या मुलाला."

"दासीचा म्हणून बापाचा नाही? आई-लेकराला वाळवंटात सोडलं, पाणी नाही, सावली नाही. तिथं खुदानं पाणी काढलं. ज्याला खुदानं पाणी पाजलं त्याला तुम्ही वाटणीतून काढता!"

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. आवाज चढले. शेजारच्या माडीवर हातमाग चालवणारा विणकर धोटा थांबवून खिडकीत आला. मी स्टोव्हपाशी उकिडवा बसलो होतो, आणि मला एकदम वाटलं, हे तर मी ओळखतो. ही भाऊबंदकी आहे! वैरागला चुलत्या-पुतण्यांत बांधावरून असाच आवाज चढतो, अशीच मांडीवर थाप बसते. बांधावरून भांडतो तो, ज्याचं त्या शेतात नाव असतं. रस्त्यानं जाणाऱ्याशी कुणी भांडत नाही.

ड्रॉइंग मास्तर हसत म्हणाले, "तुम्ही दोघं बापाची वाटणी करा. आमच्यात तर देवानं स्वतःचाच मुलगा दिला, सगळ्यांच्या पापांसाठी. तो वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. त्यामुळं आता कुणाचा मुलगा न्यायला नको आणि मेंढाही नको."

एवढ्या वेळ एकमेकांवर ओरडणारे दोघे एका क्षणात एक झाले. फारसी मास्तर म्हणाले, "तौबा! खुदाला औलाद कुठली? ईसा मोठे पैगंबर, आम्ही मानतो. पण पैगंबर." मास्तरांनी एक बोट वर केलं. "देव एक. त्याला रूप नाही, त्याला भागीदार नाही. आम्ही ज्या राजाची वाट बघतो तो यायचा आहे."

"आम्हीही एकच म्हणतो," ड्रॉइंग मास्तर म्हणाले. "तुम्ही ऐकून घेत नाही. आणि ज्याची तुम्ही वाट बघता तो येऊन गेला. तुमच्याच जातीत जन्मला, सुताराच्या घरात."

"आणि सगळ्यांच्या शेवटी मक्केत महंमद पैगंबर," फारसी मास्तर म्हणाले. "त्यांच्यावर कुराण उतरलं, त्यानंतर दार बंद. नवीन काही नाही सांगितलं त्यांनी. इब्राहीमचंच सांगितलं, लोक विसरले होते म्हणून. एकच खुदा. त्याच्यापुढं झुका, दिवसातून पाच वेळा."

पुन्हा तिघे सुरू झाले. मी चहा गाळला. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. वर्गात तो धडा मी फार चांगला शिकवला. पण धडा शिकवून झाल्यावर माझ्या मनात जे राहिलं ते त्या धड्यात नव्हतं. हे तिघे एका म्हाताऱ्या बापासाठी भांडतात. आणि तो बाप कोण? तंबू घेऊन मेंढरांमागं रानोमाळ फिरणारा. विहिरीवरून ज्याची भांडणं होतात, चारा पुरेना म्हणून पुतण्याला म्हणतो, तू डावीकडं जा, मी उजवीकडं जातो. अहो, हा तर आमचा माणूस! सोलापूरच्या दुकानदाराच्या मुलाला मेंढी आणि शेळी यांतला फरक कळत नाही, आणि इब्राहीम त्याचा. मी मेंढरांत जन्मलो, आणि माझा नाही.

ईदेच्या आधी फारसी मास्तर मलाच घेऊन बाजारात गेले. "वैरागवाले, चला. मागच्या साली बकरेवाल्यानं म्हातारं बकरं माझ्या गळ्यात मारलं. माझी अम्मी अजून बोलते." मी बकऱ्याचं तोंड उघडून दात दाखवले, कान बघितले, पाय बघितले. व्यंग नसलेलं बकरं निवडून दिलं. फारसी मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि इब्राहीमची कुर्बानी करायला घरी गेले. मी बाजारात उभा राहिलो. हाताला बकऱ्याच्या तोंडाचा वास येत होता.

एकदा मास्तर म्हणाले, "अरे, तुमच्या बिरोबाचं सांग ना यांना." मला आनंद झाला. मी सांगितलं. तो रानात कसा वाढला, ढोल कसे वाजतात, भंडारा कसा उधळतात, गजनृत्य कसं नाचतात. तिघांनी शांतपणे ऐकून घेतलं. ड्रॉइंग मास्तर म्हणाले, "छान आहे." फारसी मास्तर म्हणाले, "बहोत खूब." मास्तरांनी मान डोलावली. बस. कुणाचा आवाज चढला नाही, कुणी मांडीवर थाप मारली नाही. त्या "छान"नं मला जे लागलं ते अजून आठवतं.

मग बाईंचं वर्षश्राद्ध आलं. त्यांच्यात श्राद्ध म्हणत नाहीत, पण वर्षाच्या दिवशी मेलेल्या माणसासाठी प्रार्थना असते. तिच्यातलं मुख्य स्तवन म्हणायला त्यांच्या समाजातले दहा वयात आलेले पुरुष लागतात. एकानं कमी असले तर ते म्हणता येत नाही. सोलापुरात त्यांची घरं बोटांवर मोजण्यासारखी. दवाखान्यातले एक कंपाउंडर, त्यांची मुलं, रेल्वेतले दोघं-तिघं, कोर्टातला एक कारकून. कुर्डुवाडीला एक गार्ड होता, त्याला निरोप पाठवला.

आदल्या दिवसापासून मी तिथंच होतो. जाजम आणलं, केळी-खजूर आणले, मलिद्यासाठी पोहे भिजवले, नारळ खोवले. मलिदा म्हणजे त्यांचा प्रसाद, पोहे-साखर-खोबऱ्याचा. गरम काही करायचं नव्हतं, तरी मी स्टोव्ह पुसून ठेवला. सकाळी बाईंनी विणलेली कानटोपी पेटीतून काढली. ऐन उन्हाळा होता, पण प्रार्थनेला डोकं झाकायचं असतं आणि मला दुसरी कुठली टोपी घालायची नव्हती.

लोक जमले. फारसी मास्तर आणि ड्रॉइंग मास्तर आले ते सरळ पडवीत बसले. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मी आत गेलो आणि पुरुषांच्या ओळीत शेवटी बसलो. दहांचा नियम मला ठाऊक होता. पण मला असंही ठाऊक होतं की गार्डाची गाडी अजून आली नाही, आत नऊजण आहेत, आणि बाईंच्या हातचं मी जितकं खाल्लं तितकं त्या नवांपैकी कुणी खाल्लं नाही. मला वाटलं, मास्तर बघतील आणि म्हणतील, हा आहे की.

कंपाउंडर म्हातारे होते. ते मोजायला उभे राहिले. त्यांच्यात माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, ते म्हणत एकेका माणसाकडे बघायचं. वचन पुरं झालं की माणसं पुरी. कंपाउंडर हिब्रू शब्द म्हणत ओळीवरून बोट फिरवीत आले. माझ्या शेजारच्या कारकुनावर नववा शब्द पडला. बोट माझ्यापाशी आलं. मी मान ताठ केली. बोट क्षणभर थांबलं, आणि कंपाउंडरांनी ते हळूच मिटून घेतलं. वचन अर्धंच राहिलं.

ते वाकून म्हणाले, "भाऊ, तुमी जरा पडवीत बसता का? वारा हाय तितं."

मी मास्तरांकडे बघितलं. ते पुस्तकात बघत होते.

पडवीत फारसी मास्तरांनी सरकून जागा केली. "या, वैरागवाले. तुम्हांला कुणी सांगितलं होतं आत बसायला?" मग माझा चेहरा बघून त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. तेवढ्यात टांगा थांबला. गार्ड उतरला. काळा कोट, कोळशाचा वास, तोंडात पान. नळीला बोटं लावायचंही विसरला. दारातच त्यानं मला विचारलं, "कोन गेलंय हो? बाप्या का बाई?" मी म्हणालो, "बाई." "बरं," म्हणाला, पान थुंकला आणि आत गेला. कंपाउंडरांचा आवाज आला. वचन पहिल्यापासून सुरू झालं आणि या वेळी पुरं झालं.

मास्तरांचा आवाज स्तवनात चढला. सगळे मधून मधून आमेन म्हणत होते. गार्डाचं आमेन प्रत्येक वेळी मागं राहून एकटंच ऐकू येत होतं. तरी तो दहावा होता. त्यानं बाईंना कधी बघितलं नव्हतं. गाडी चुकली असती तर, असं मनात आलं, आणि मग आलं की चुकली असती तरी माझ्या नावानं वचन पुरं झालं नसतं.

"मी त्यांच्या हातचं खाल्लंय," मी म्हणालो.

ड्रॉइंग मास्तर हळू म्हणाले, "अहो, रक्ताचं म्हणाल तर मी कुणाचाच नाही. पण आमच्यात विश्वास धरला, पाण्याचा बाप्तिस्मा घेतला, की अब्राहामाची लेकरं. दार उघडं आहे. या."

"आमच्यात तर पाणीही नक्को," फारसी मास्तर म्हणाले. "एक कलमा. दिलसे म्हणायचा. मग नमाजाच्या ओळीत, सफीत, खांद्याला खांदा, बाप कोण कुणी विचारत नाही. या."

"मला तुमच्यात नाही यायचं," मी म्हणालो. "मला तिथं आत जायचंय."

दोघे एकमेकांकडे बघून हसू लागले. तोंडावर हात धरून हसले, कारण आत प्रार्थना चालली होती. "दोन दरवाजे सताड उघडे," फारसी मास्तर म्हणाले, "आणि हा भला माणूस भिंतीला धडका देतोय!"

मला हसू आलं नाही. उघड्या दारांचा हेवा कोण करतो?

लोक गेल्यावर मास्तर पडवीत आले. हातात मलिद्याची ताटली होती. मी ती घेतली, पण खाल्लं नाही. विचारलं, "मास्तर, मला का नाही मोजलं?"

"तू आमच्यात जन्मला नाहीस."

"मग मला तुमच्यात घ्या."

मास्तर बाकावर बसले. "आम्ही कुणाला बोलवत नाही. देवाचा आमच्याशी करार आहे, पण त्याला बाकीची माणसं नकोत असं नाही. महापुरातून वाचलेल्या नोहाची लेकरं आपण सगळेच. त्यांच्यासाठी थोडे नियम आहेत. ते पाळणाऱ्या भल्या माणसाला परलोकात वाटा आहे, असं आमचे जाणते सांगतात."

"नोहाच्या घरात सगळं जग आहे, मास्तर. तो गार्डही आहे. सगळ्यांना मिळतं ते मला नको."

मास्तरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "यायचंच म्हणून कुणी हट्ट धरला तर मार्ग आहे. लांबचा आहे, पण आहे. दुसऱ्या कुणाला मी तो सांगेन. तुला नाही सांगणार." त्यांनी उजवा हात पुढे करून उघडला. "या हातावर तुझ्या बापानं भंडारा ठेवलाय. अब्राहामाशी देवानं करार केला, तो आम्ही इतक्या पिढ्या धरून बसलोय. का, तर शब्द म्हणजे शब्द. मग मी दिलेला शब्द वैरागच्या बाजारात टाकून देऊ? आज ते बोट तुझ्यापाशी थांबलं तेव्हा मी मान वर केली असती तर माझा चेहरा बघून कंपाउंडर घोटाळले असते. म्हणून मी पुस्तकात बघत होतो. त्या पानावर काय होतं ते मला विचारू नकोस."

मी मलिदा खाल्ला. गोड होता. पण खोटं लिहीत नाही, गार्डाबद्दलची माझी जळजळ त्या गोडानं गेली नाही. तो टांग्यात बसताना माझ्याच हातून त्यानं वाटेसाठी केळी नेली होती.

पुढच्या पावसाळ्यानंतर मास्तरांची दृष्टी कमी झाली आणि मुलगी त्यांना मुंबईला घेऊन गेली. चौकटीवरची नळी त्यांनी स्वतः काढून बरोबर नेली. खिळ्यांची चार भोकं राहिली. मी त्या वर्षी बिरोबाच्या जत्रेला वैरागला गेलो, आणि परत आल्यावर त्यांना हे पत्र पाठवलं.

*

सोलापूर

तीर्थस्वरूप मास्तरांचे सेवेशी,

बालकाचा साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती व डोळे कसे आहेत ते कळवावे. हे पत्र ताई वाचून दाखवतील, म्हणून त्यांनाही नमस्कार.

मी जत्रेला गेलो होतो. बार्शीला आपल्याकडे आल्यापासून गेलोच नव्हतो. आमच्यात बकरं झालं की पुजारी घरटी वाटे मांडतो आणि एकेका पुरुषाचं नाव घेऊन हाक मारतो. ज्याचं नाव घेतलं त्यानं उठायचं आणि वाटा उचलायचा. माझं नाव आलं तेव्हा मी उठलोच नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला हाक मारली. वडील म्हणाले, "ऊठ की! दर साली मी उचलतोय तुजा. आज तरी तुजा तू उचल." मी बार्शीत आपल्या पडवीत झोपलो होतो तेव्हाही, पुण्याला होतो तेव्हाही, बाईंच्या वर्षाच्या दिवशी दारात बसलो होतो त्याच्या आधीही, तिथं दरसाल माझं नाव घेतलं जात होतं. मला ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक होतं, असं आता वाटतं. वडिलांनी विचारलं, "मास्तरांचा हात बरा हाय का?" डोळ्यांचं मी सांगितलं होतं, तरी त्यांनी हातच विचारला.

शनिवारी आता ते दोघे माझ्या खोलीवर येतात. परवा मी वाट्याची हकीकत सांगितली. मला वाटलं, पुन्हा "छान" म्हणतील. पण फारसी मास्तर उखडले. म्हणाले, जनावर कापायचं ते एका खुदाच्या नावानं, डोंगरातल्या दगडासाठी नाही. मी म्हणालो, तुमचा इब्राहीम कुठं कापायला निघाला होता, मैदानात? डोंगरावरच की! ड्रॉइंग मास्तर म्हणाले, दोघांचंही चुकतं, आता बळी लागतच नाही. मग आम्ही दोघे मिळून त्यांच्यावर ओरडलो. खालचा दुकानदार वर येऊन बघून गेला. मास्तर, माझ्याशी कुणी असं भांडलं नव्हतं. आपण असता तर आपणही मांडीवर थाप मारली असती, आणि या वेळी ती माझ्यासाठी असती.

आपण शब्द पाळला, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र लिहायला घेतलं. ते मानतो. मी मोजला जातो ते ठिकाण मला आता कळलं आहे. तरी आपल्या घरी मोजलं जाण्याची इच्छा गेली, असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. आपल्यात खोटी साक्ष देऊ नये असा नियम आहे, म्हणून लिहीत नाही.

एक विचारायचं राहिलं. मुंबईत शनिवारी स्टोव्ह कोण पेटवतं? शेजारचा कुणी असेल. त्याला सांगावं की आधी पिन घालून भोक साफ करावं, काकडा जरा जास्त वेळ जळू द्यावा आणि पंप हलक्या हातानं मारावा, नाहीतर चहाला रॉकेलचा वास येतो. आपल्याला तो खपत नाही. आणि आपण "हवा गार आहे" म्हणालात की त्याला लगेच कळतं का, तेही कळवावं. कळत असेल तर कळवलं नाही तरी चालेल.

आपला,
पडवीतला